लॅबमधला दुसऱ्याचा चालू रन बंद करावा का?

चिकोत्राकाठ

नमस्कार मंडळी. मी कोल्हापुरात थर्ड इयर मेकॅनिकलला आहे. कॉलेजचं नाव लिहीत नाही, कारण प्रश्न कुठल्याही कॉलेजात येऊ शकतो. एक प्रसंग सांगते आणि तुमचं स्पष्ट मत मागते.

आमच्या डिपार्टमेंटच्या लॅबमध्ये तीस मशीन आहेत. माझ्याकडे लॅपटॉप नाही. ऊसबिल आल्यावर बघू, असं घरी ठरलंय. त्यामुळे मला जे काही करायचं ते लॅबमध्येच, प्रॅक्टिकल संपल्यावर साडेतीन ते साडेपाच या वेळेत.

गेल्या बुधवारी साडेतीनला गेले तर सगळी मशीन भरलेली. खिडकीजवळच्या एकावर कोणी नव्हतं, पण स्क्रीन लॉक. कीबोर्डवर वहीचं फाडलेलं पान: 'रन चालू आहे. बंद करू नये.' (रन म्हणजे सॉफ्टवेअरला लावून दिलेलं, तासन्तास चालणारं गणित.) नाव नाही, वर्ग नाही, किती वाजेपर्यंत तेही नाही. मी शेजारी खुर्ची घेऊन पाऊण तास बसले. कोणी आलं नाही. गुरुवारी सकाळी माझं सबमिशन होतं. शेवटी पॉवरचं बटण दाबून धरलं आणि मशीन पुन्हा चालू केलं. तर ॲन्सिस (आमचं सिम्युलेशनचं सॉफ्टवेअर) उघडेचना, लायसन्स शिल्लक नाही असा संदेश आला. मग नुसता रिपोर्ट टाइप करून आले.

गुरुवारी त्याच टेबलावर दुसरं पान होतं. 'माझे नऊ तास गेले.' बाकी काही नाही. तेव्हापासून ते पान डोळ्यांसमोरून हलत नाही.

माझं चुकलं का? आणि लॅबचा असा काही नियम असावा का, की लॅपटॉप नसलेल्यांनाही काम करता येईल आणि कुणाचे नऊ तासही जाणार नाहीत?

उद्यमनगरकर

कागदावर नाव आणि वेळ नसेल तर तो कागद धरायचा नाही. मशीन सगळ्यांचं आहे. तू पाऊण तास थांबलीस, तेवढं पुष्कळ झालं. तुझं काही चुकलं नाही.

शेवटचा_बाक

मला हे पटत नाही. नाव नव्हतं हे खरं, पण 'बंद करू नये' हे तर लिहिलं होतं ना? फायनल इयरला असताना माझा असाच एक रन कोणीतरी पाडला होता. त्या रात्री मी जेवलो नव्हतो. मेश करायला, म्हणजे मॉडेलचे गणितासाठी बारीक तुकडे पाडायला, दोन दिवस लागले होते, गाइडला आकडे दुसऱ्या दिवशी दाखवायचे होते. रन चालू असताना माणूस समोर बसलेला नसतो, पण मशीन काम करत असतं, त्याला रिकामं म्हणता येत नाही. ताई, तुमची अडचण खरी आहे. तरी बटण दाबायच्या आधी कोणाला तरी विचारायला हवं होतं.

पन्हाळा_धुकं

लॅब असिस्टंट नव्हते का?

चिकोत्राकाठ

ते दुसऱ्या इमारतीत ओरलच्या कामाला होते. शिपाई मामांना विचारलं. ते म्हणाले, "बाळ, मला मशीनमधलं काय कळत न्हाई, सरांस्नी विचार." सर मीटिंगमध्ये.

लॅब_असिस्टंट_१९

एकोणीस वर्षं झाली हेच काम करतोय, म्हणून जरा सविस्तर लिहितो. मुलांना हे कोणी शिकवत नाही. आम्हीही पहिल्या दिवशी "चपला बाहेर, पेन ड्राइव्ह लावू नका" एवढंच सांगतो.

पहिली गोष्ट. मशीन लॉक असलं म्हणजे अडलं असं नसतं. प्रत्येकाला वेगळं लॉगिन असेल तर लॉक स्क्रीनच्या डाव्या कोपऱ्यात खाली 'अदर युजर' दिसतं. तिथं आपलं लॉगिन टाकायचं. आधीच्या मुलाचं सेशन मागे तसंच राहतं आणि त्याचा रनही चालू राहतो. प्रोसेसर आणि रॅम दोघांत वाटली जाते, म्हणून मशीन जड चालेल, पण रिपोर्ट टाइप करण्यापुरतं भागतं. काम झालं की साइन आउट करायचं, शटडाउन नाही. चुकून शटडाउन दाबलंच तर विंडोज विचारतं की या मशीनवर अजून कोणीतरी आहे, बंद करू का. तिथं थांबायचं. काही लॅबमध्ये हा पर्याय ॲडमिनने काढून टाकलेला असतो. काही ठिकाणी सगळ्या वर्गाला एकच 'स्टुडंट' लॉगिन असतं. तिथं याचा उपयोग नाही.

दुसरी गोष्ट लायसन्सची. तीस मशीन म्हणजे तीस लायसन्स नव्हेत. सर्व्हरवर जेवढ्या सीट घेतल्यात तेवढ्याच. ग्रंथालयात पुस्तकाच्या पाच प्रती असतील तर सहाव्या मुलाला थांबावं लागतं, तसं. सॉफ्टवेअर नीट बंद केलं की ते आपली प्रत परत करतं. तू बटण दाबून मशीन पाडलंस, तेव्हा त्याला परत करायला वेळच मिळाला नाही. सर्व्हरच्या हिशेबात ती प्रत अजून बाहेरच. फ्लेक्स-एलएमसारख्या लायसन्स वाटणाऱ्या सर्व्हरला समोरचं मशीन मेलंय हे जोडणीच्या तपासणीतून कळतं, आणि ती तपासणी नेहमीच्या सेटिंगमध्ये दोन तासांनी होते. म्हणून तुला लायसन्स मिळालं नाही. त्याचा रन गेला, तुझंही काम झालं नाही. आमच्यासारख्याला हाक मारली असती तर सर्व्हरवरून ती अडकलेली सीट मिनिटभरात सोडवता आली असती.

तिसरी गोष्ट रन लावून जाणाऱ्यांसाठी. पॉवर ऑप्शन्समध्ये स्लीप 'नेव्हर' करून ठेवा, नाहीतर तुम्ही गेल्यावर मशीन झोपतं आणि रन तिथंच थांबतो. स्क्रीन बंद झाली तर हरकत नाही. आणि विंडोजचे ॲक्टिव्ह अवर्स जास्तीत जास्त १८ तासांचे ठेवता येतात. उरलेल्या सहा तासांत अपडेट आलं तर मशीन आपोआप रीस्टार्ट होऊ शकतं. रात्रभर रन लावणार असाल तर आम्हाला आधी सांगा, अपडेट थांबवून ठेवतो.

चिकोत्राकाठ

काका, मनापासून आभार. 'अदर युजर' रोज डोळ्यांसमोर होतं, त्याचा अर्थ आज कळला. आणि लायसन्स का मिळालं नाही तेही. म्हणजे दोघींचंही, किंवा दोघांचंही, नुकसान मीच केलं.

फ्लॉपीवाला

पोरी, इतकं मनाला लावून घेऊ नको. मशीन वाटून घेण्याचं दुखणं जुनं आहे.

आम्ही १९९१ ते ९५ च्या बॅचचे. आमच्या लॅबमध्ये युनिक्सचं एक मशीन आणि त्याला जोडलेले आठ टर्मिनल होते. टर्मिनल म्हणजे नुसता पडदा आणि कीबोर्ड, डोकं सगळ्यांचं एकच. एकाने चुकून न संपणारा लूप लिहिला की आठही पडद्यांवर अक्षरं गोगलगायीसारखी उमटायची. मग कोणीतरी ओरडायचं, "कोण रे तो!" आणि ज्याचा लूप असेल तो स्वतःच उठून सांगायचा, माझा आहे. लपवण्यात अर्थ नसायचा, कारण कोण लॉगिन आहे आणि कोणाचा प्रोग्राम चाललाय ते एका कमांडने दिसायचं. मोठा प्रोग्राम लावायचा तर 'नाइस' लावून सोडायचा, म्हणजे तो बाकीच्यांना वाट देत सावकाश चालायचा. आमच्या सरांनी हे पहिल्या आठवड्यात शिकवलं होतं. त्या कमांडचं नाव मला फार आवडायचं.

फाइल नेण्यासाठी साडेतीन इंची फ्लॉपी, १.४४ एमबीची. पावसाळ्यात तिला बुरशी यायची. दसरा चौकातल्या बोर्डिंगात राहणारा माझा मित्र ती तांदळाच्या डब्यात ठेवायचा, ओल धरू नये म्हणून. दोन फ्लॉपींवर एकच फाइल ठेवल्याशिवाय कोणी लॅबबाहेर पडत नसे.

सांगायचा मुद्दा, तेव्हा कोणाचं काय चाललंय ते सगळ्यांना दिसायचं. आता प्रत्येक मशीन वेगळं, त्यामुळे पलीकडचा माणूस दिसत नाही. तुझ्या त्या कागदावर नाव असतं, तर तू बटण दाबायच्या आधी त्याला शोधलं असतंस, याची मला खात्री आहे.

पन्हाळा_धुकं

फ्लॉपीवाले काका, तांदळाचा डबा लई आवडला. आमच्याकडे चपला अजूनही बाहेरच. सबमिशनच्या आठवड्यात दारात जोतिबाच्या यात्रेएवढ्या चपला असतात आणि परत जाताना एकतरी जोडी अदलाबदल होतेच.

लॅब_असिस्टंट_१९

धुळीमुळे. सीपीयूच्या पंख्यात धूळ बसली की प्रोसेसर तापतो आणि स्वतःचा वेग कमी करतो. उन्हाळ्यात रन लांबतात त्याचं हे एक कारण. चपला बाहेर काढण्यात तथ्य आहे.

तालमीतला

आमच्या तालमीत मुद्गल, गदा, हौद सगळं सामाईक. कुणाचंच काही नाही आणि सगळ्यांचं सगळं. पण माती उकरून ठेवल्याशिवाय आणि मुद्गल जागेवर लावल्याशिवाय कोणी घरी जात नाही. वस्ताद असोत वा नसोत. नवीन पोरगं पहिला महिनाभर हेच शिकतं, डाव नंतर. लॅबमध्येही पहिलं प्रॅक्टिकल हेच घ्यावं असं माझं मत आहे: लॉगिन कसं करायचं, फाइल कुठं ठेवायची, उठताना काय बंद करायचं, काय बंद करायचं नाही.

रंकाळ्याची_हवा

तालमीतला दादा, हे मात्र अगदी खरं. "उठताना काय बंद करायचं" यावर माझाही अनुभव लिहिते.

सेकंड इयरला असताना मी लॅबमध्ये जीमेल उघडून असाइनमेंटची फाइल काढली आणि घाईत तशीच उठले. शेवटची बस चुकली असती. ब्राउझर बंद केला होता, पण ब्राउझर बंद केला म्हणजे साइन आउट झालं असं नसतं, हे तेव्हा माहीत नव्हतं. आमच्याकडे तेव्हा सगळ्यांना एकच लॉगिन होतं. दुसऱ्या दिवशी माझ्या खात्यावरून एका सरांना मेल गेली होती. काय लिहिलं होतं ते इथे सांगावंसं वाटत नाही. फोटोही कोणीतरी पाहिले असणार. सरांनी मला बोलावलं तेव्हा मला बोलताच येईना. सुदैवाने त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला. कोणी केलं ते कधीच कळलं नाही.

मुलींनो आणि मुलांनोही, तीन गोष्टी करा. सामाईक मशीनवर नेहमी इनकॉग्निटो विंडो उघडा आणि काम झालं की सगळ्या विंडो बंद करा. 'पासवर्ड सेव्ह करू का' याला कायम नको म्हणा. आणि शंका आली तर फोनवरून गूगल खात्यात जाऊन सुरक्षेच्या पानावर आपलं खातं कुठल्या कुठल्या मशीनवर उघडं आहे ते पाहा. तिथूनच साइन आउट करता येतं.

ज्यांना ही थट्टा वाटते त्यांच्यासाठी: माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ६६सी कलमात दुसऱ्याचा पासवर्ड किंवा ओळख अप्रामाणिकपणे वापरण्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड आहे. मी तक्रार केली नाही. आज वाटतं, करायला हवी होती.

लॅब_असिस्टंट_१९

बाळा, वाईट वाटलं वाचून. व्हॉट्सॲप वेबचंही तेच. फोनमधल्या 'लिंक्ड डिव्हाइसेस'मध्ये बघून अनोळखी मशीन काढून टाकायचं. रोज संध्याकाळी लॅब बंद करताना मला दोन-तीन तरी खाती उघडी सापडतात. मी बंद करतो, पण मी सुट्टीवर असलो तर?

शेवटचा_बाक

जोडीला पेन ड्राइव्हचंही सांगतो, कारण आठवड्याला एकाचं तरी रडगाणं असतं. लॅबमध्ये लावून घरी नेला की सगळी फोल्डर शॉर्टकट होऊन बसतात. घाबरून फॉरमॅट करू नका. फाइल गेलेल्या नसतात, लपवलेल्या असतात. शॉर्टकटवर डबल क्लिक करायचं नाही, तसं केलं की तो प्रोग्राम तुमच्या मशीनवर चालतो. फोल्डर ऑप्शन्समधून लपवलेल्या आणि सिस्टीमच्या फाइल दाखवायला सांगा, आपलं सामान बाहेर कॉपी करा, मग फॉरमॅट. पूर्वी ऑटोरनमुळे नुसतं पेन ड्राइव्ह लावल्यावरच लागण व्हायची. २०११ च्या फेब्रुवारीत मायक्रोसॉफ्टने एक्सपी आणि व्हिस्टासाठी अपडेट देऊन ते बंद केलं. आता क्लिक आपण करतो.

आणि डेस्कटॉपवर फाइल ठेवू नका. बऱ्याच लॅबमध्ये डीप फ्रीझ असतं, रीस्टार्ट झालं की सी ड्राइव्ह जसा होता तसा. माझ्या मैत्रिणीचा चाळीस पानांचा रिपोर्ट लाइट गेल्यावर असाच गेला.

उद्यमनगरकर

पहिल्या प्रतिसादात मी फार पटकन निकाल दिला. वरचं सगळं वाचून मत बदललंय, म्हणून पुन्हा लिहितो.

मी शिरोलीच्या एका फाउंड्रीत मेथडिंगला आहे, म्हणजे साच्यात धातू कसा ओतायचा ते ठरवतो. आमचं कोल्हापूर ऑइल इंजिनांपासून कास्टिंगवर उभं राहिलं आणि आज बहुतेक बऱ्या फाउंड्रीत सिम्युलेशन होतं. ओतलेलं लोखंड साच्यात कसं भरतं, कुठला भाग शेवटी थिजतो, तिथं श्रिंकेज (आकसून पडणारी पोकळी) येईल का, रायझर (जादा धातू पुरवणारा भाग) कुठं हवा, हे आधी मशीनवर पाहायचं. आमच्याकडेही लायसन्स एकच आहे आणि माणसं तिघं. दिवसा मॉडेल आणि मेश, संध्याकाळी सहाला रन, सकाळी निकाल. एका नोटबुकात लिहून ठेवतो: कुठला पार्ट, किती वाजता लावला, अंदाजे किती वाजता संपेल, कोणाचा फोन. ती नोटबुक नसती तर आमची रोज भांडणं झाली असती.

पण 'माझे नऊ तास गेले' लिहिणाऱ्यालाही मी एक विचारीन. ऑटोसेव्ह का लावला नव्हता? फ्लुएंटमध्ये (ॲन्सिसचा प्रवाहाचा भाग) 'कॅल्क्युलेशन ॲक्टिव्हिटीज'मध्ये दर ५० किंवा १०० इटरेशनला (गणिताच्या फेऱ्यांना) फाइल आपोआप जतन करता येते, आणि शेवटच्या दोनच ठेव असंही सांगता येतं, म्हणजे डिस्क भरत नाही. स्ट्रक्चरलचा (भार-ताणाचा) नॉनलिनियर रन असेल तर 'रिस्टार्ट कंट्रोल्स' आहेत. एवढं केलेलं असतं तर नऊ तासांऐवजी फार तर अर्धा तास गेला असता. लाइट जाणं, यूपीएसची बॅटरी संपणं, अपडेट येणं, हे सगळं होतंच. ज्याला आपला रन जपायचाय त्याने तो पडणार असं धरूनच लावावा.

दुसरं म्हणजे, आधी जाड मेशवर पंधरा मिनिटांचा रन करून बघायचा. बाउंड्री कंडिशन (कडेला दिलेला वेग, भार वगैरे) चुकली असेल तर ती तिथंच कळते. आमच्याकडे नवीन आलेली पोरं पहिल्याच दिवशी बारीक मेश करून रात्रभर मशीन अडवतात आणि सकाळी कळतं की युनिट मिलिमीटरऐवजी मीटर होतं.

मुक्तस्रोत

लायसन्सची सीट हाच अडसर असेल तर फुकट आणि खुलं सॉफ्टवेअर का वापरत नाही? प्रवाहाच्या गणितांसाठी ओपनफोम आहे, ते २००४ पासून मुक्त आहे. त्याला सीट नाहीत, सर्व्हर नाही, तीसच्या तीस मशीनवर एकाच वेळी चालतं. स्ट्रक्चरलला कॅल्क्युलिक्स, मॉडेलिंगला फ्रीकॅड. आयआयटी मुंबईचा फॉसी प्रकल्प नेमकं हेच करतोय, महाविद्यालयांनी मुक्त सॉफ्टवेअर वापरावं म्हणून. त्यांचे स्पोकन ट्यूटोरियल आहेत, बरेचसे मराठीतही. आणि आणखी एक. विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. लॅबमधल्या कितीतरी जुन्या मशीनवर विंडोज ११ बसतच नाही, कारण त्याला टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) आणि नवा प्रोसेसर लागतो. ती मशीन लिनक्सवर अजून पाच वर्षं चालतील. फ्लॉपीवाल्या काकांचं 'नाइस' तिथं आजही तसंच आहे!

शेवटचा_बाक

सगळं मान्य, पण इंटरव्ह्यूमध्ये कंपन्या ॲन्सिस, कॅटिया, सॉलिडवर्क्स येतं का विचारतात. ओपनफोमचं नाव काढलं तर समोरचा विचारतो ते काय असतं.

उद्यमनगरकर

मी इंटरव्ह्यू घेतो. सॉफ्टवेअर कुठलं हे मी दुसऱ्यांदा विचारतो. आधी विचारतो, मेश बारीक केली तर उत्तर बदललं का, आणि बदललं तर काय केलंस. याचं उत्तर ओपनफोमवर शिकलेला पोरगाही देतो आणि कधीकधी ॲन्सिसवाल्याला देता येत नाही.

भोगावतीचं_पाणी

मी इंजिनिअर नाही, भाचा इंजिनिअरिंगला आहे म्हणून हे वाचतोय. तुमचं सगळं वाचून मला आमची पाण्याची पाळी आठवली.

आमच्याकडं उसाला नदीचं पाणी उपसा योजनेतून येतं. मोटर एक, शेतकरी बरेच. कधी दिवसा लाइट, कधी रात्री. रात्री दोनला पाळी आली तर रात्री दोनला बॅटरी घेऊन दारं धरायला, म्हणजे पाणी सरीसरीत वळवायला जायचं, थंडी असो नाहीतर पाऊस. पाळीपत्रक भिंतीला लावलेलं असतं: कुणाचं नाव, कुठल्या गटाला, किती वाजल्यापासून किती वाजेपर्यंत. तुमचं पाणी सुरू असताना शेजाऱ्यानं येऊन दार मोडून स्वतःच्या सरीत घेतलं, तर गावात वर्षभर बोलणं बंद होतं. पण तुमची वेळ संपली आणि तुम्ही दार बदललं नाही, तर शेजारी बदलतो आणि कुणी त्याला बोल लावत नाही. दोन्ही बाजूंना बंधन आहे. आणि ज्याला घाई आहे, म्हणजे लागण नवी आहे, उगवण करपायला लागली आहे, त्यानं येऊन सांगायचं. तुझी पाळी मला दे, माझी तू घे. सहसा कुणी नाही म्हणत नाही.

आता या पोरीचं बघा. रन लावणाऱ्यानं पाळीवर नाव घातलं नव्हतं, म्हणून त्याचं पाणी किती वाजेपर्यंत आहे हे हिला कळलं नाही. हिनं दार मोडलं, म्हणून त्याची सरी वाळली. दोघांची चूक सारखीच आहे. पण मला विचाराल तर पाळीपत्रकच नव्हतं, ही मोठी चूक. ते लावायचं काम डिपार्टमेंटचं.

फ्लॉपीवाला

भोगावतीकर, या धाग्यातला सगळ्यात नेमका प्रतिसाद तुमचा.

खडू_फळा

मी एका कॉलेजात शिकवतो. पाळीपत्रक लावायचं काम आमचं आहे, हे मान्य करतो. आमच्या बाजूच्या दोन अडचणीही मांडतो, नाहीतर चर्चा एकांगी होईल.

लॅब रात्रभर उघडी ठेवा, अशी मागणी दर वर्षी येते. रात्री मशीन चालू ठेवणं सोपं आहे. मुलांना थांबू द्यायचं तर वॉचमन हवा, मुलींना खोलीपर्यंत पोचवायची सोय हवी, जबाबदार माणूस हवा. शेवटची बस आणि एसटीचा पास यांवर अर्धा वर्ग चालतो. म्हणून मुलांनी थांबावं यापेक्षा रन मागे चालू राहावा, म्हणजे माणूस घरी आणि मशीन कामावर, हे मला जास्त जमण्यासारखं वाटतं.

दुसरी अडचण, जुनी मशीन. मोडकी दहा मशीन कोपऱ्यात दिसतात आणि मुलं विचारतात, ही काढून नवी का आणत नाही? ती डेड स्टॉक रजिस्टरवर असतात. त्यांचं निर्लेखन व्हावं लागतं, म्हणजे नोंदीतून काढावी लागतात, समिती बसावी लागते, किंमत ठरावी लागते. तोवर आमच्याने एक माउसही टाकून देता येत नाही. पण मुक्तस्रोत म्हणतात तसं त्यांतली चालू असलेली मशीन लिनक्स टाकून फक्त रनसाठी ठेवता येतील, हे मला आज सुचलं. उद्या विभागप्रमुखांशी बोलतो.

मी जे करून पाहिलंय ते असं. तीसपैकी दोन मशीन 'लांब रन'साठी वेगळी ठेवली, दारापासून सगळ्यात लांबची, म्हणजे रिकामी दिसली तरी कोणी सहज बसत नाही. बाकी अठ्ठावीसवर दोन तासांहून मोठा रन लावायचा नाही. दोन मशीनसाठी एक रजिस्टर. त्या दोन मशीनवरून भांडण झालेलं मला आठवत नाही. अठ्ठावीसवरून मात्र अजूनही होतं, कारण लॅपटॉप असलेली मुलंही लॅबमधल्या एसीसाठी येऊन बसतात आणि स्वतःचा लॅपटॉप चार्जिंगला लावतात. त्यांनी सबमिशनच्या दोन आठवड्यांत तरी लॅपटॉप नसलेल्यांना जागा द्यावी, असं मी वर्गात सांगतो. सांगितल्यावर मुलं देतात, हा माझा अनुभव आहे.

पन्हाळा_धुकं

सर, आम्ही देतो. कोणी सांगितलंच नव्हतं, एवढंच.

चिकोत्राकाठ

चार दिवसांनी लिहितेय. लॅबमध्ये जे झालं ते सांगते.

लॅब असिस्टंट सरांना सगळं खरं सांगितलं. ते रागावले नाहीत. त्यांनी लायसन्स सर्व्हरची नोंद उघडली. त्या दिवशी त्या मशीनवरून कुठल्या लॉगिनने सीट घेतली होती ते तिथं होतं. ती एम.टेक.ची मुलगी निघाली, गडहिंग्लजकडची. बुधवारी सकाळी सातला रन लावून ती घरी गेली होती, आईला दवाखान्यात न्यायचं होतं. परत येईपर्यंत साडेपाच वाजून लॅब बंद झाली होती. नाव लिहायचं घाईत राहिलं.

मी तिच्याकडे गेले आणि मीच बंद केलं असं सांगितलं. ती दोन मिनिटं काहीच बोलली नाही. मग म्हणाली, "तू सांगायला आलीस ते बरं झालं. मी पूर्ण वर्गावर संशय घेऊन बसले होते." उद्यमनगरकर दादांचं ऑटोसेव्हचं मी तिला दाखवलं. तिलाही ते माहीत नव्हतं. शनिवारी आम्ही दोघींनी मिळून तिचा रन परत लावला. आधी जाड मेशवर बघितलं, तर इनलेटचा वेग एका ठिकाणी चुकलेला सापडला. म्हणजे ते नऊ तास पूर्ण झाले असते तरी तिला पुन्हा करावंच लागलं असतं. ती हसली, मला मात्र लगेच हसता आलं नाही. नवा रन साडेसात तासांत संपला, मधे एकदा लाइट गेली, यूपीएसने धरलं.

खडू_फळा सरांची दोन मशीनची कल्पना आमच्या सरांपुढे मांडली. एक मशीन मिळालंय, दुसरं परीक्षेनंतर बघू म्हणाले. भोगावतीच्या काकांचं ऐकून मी भिंतीला कोरा तक्ता लावलाय. वरती 'पाळीपत्रक' असं लिहिल्यावर अर्ध्या वर्गाला लगेच कळलं, पुण्याहून आलेल्या दोघांना समजावून सांगावं लागलं.

रंकाळ्याची_हवा

छान केलंस ग. तक्त्यावर नक्की काय काय लिहायचं ठरवलंय? आमच्याकडेही लावते.

चिकोत्राकाठ

नाव, वर्ग, फोन, मशीन नंबर, रन लावल्याची वेळ, संपण्याची अंदाजे वेळ, ऑटोसेव्ह लावलाय की नाही. आणि शेवटी एक रकाना: 'अडचण असेल तर बंद करण्याआधी फोन करा.' हीच माहिती छोट्या कागदावर लिहून तो मॉनिटरला चिकटवायचा, कीबोर्डवर ठेवायचा नाही. उडतो.

लॅब_असिस्टंट_१९

त्यात लॉगिनचं नावही घाल. एका वर्गात तीन-तीन प्रियांका असतात.

चिकोत्राकाठ

घातलं काका.